जन्मभूमी, कर्मभूमी आणि रायसीना

चंडीगड : ल कार्बुझिए यांनी आखलेल्या येथील विधान भवनात पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांच्या विधानसभा भरतात. राष्ट्रपतिपदाच्या २०२२ च्या निवडणुकीत या एका छताखालून दोन परस्परविरोधी कौल बाहेर पडले. पंजाबने यशवंत सिन्हा यांना १०१ आणि द्रौपदी मुर्मू यांना ८ मते दिली. हरियाणात मुर्मूंना ५९, तर सिन्हांना ३० मते मिळाली. दोन्ही उमेदवार परप्रांतीय होते, तेव्हा आमदारांनी पक्षाकडे पाहून मतदान केले यात नवल नाही. परंतु उमेदवार घरचाच असला तर? भूमिपुत्रामागे त्याचे राज्य तरी उभे राहते काय?

याच शहरात याचे एक उत्तर सापडते. १९८२ मध्ये रिंगणात असलेले ग्यानी झैलसिंग आणि न्या. हंसराज खन्ना हे दोघेही पंजाबचेच. एक या राज्याचे माजी मुख्यमंत्री, तर दुसरे अमृतसरचे सुपुत्र आणि आणीबाणीतील बाणेदार निकालाचे धनी. पंजाबात सत्ता होती काँग्रेसची, आणि देशभरातील निकाल लागला ७,५४,११३ विरुद्ध २,८२,६८५ असा, काँग्रेसच्या झैलसिंग यांच्या बाजूने. दोघेही एकाच मातीतले असल्यावर माती काय ठरवणार!

अलीकडच्या तीन निवडणुकांत मात्र लढत झाली ती राज्याचा सुपुत्र वा कन्या आणि त्याच राज्याचे माजी राज्यपाल यांच्यात. म्हणजेच जन्मभूमी आणि कर्मभूमी यांच्यात. २००७ मध्ये राजस्थानचे भैरोंसिंह शेखावत यांच्यासमोर प्रतिभाताई पाटील होत्या. प्रतिभाताई राजस्थानच्या राज्यपाल होत्याच, शिवाय त्यांच्या सासरचे मूळही त्याच राज्यातल्या सीकर जिल्ह्यातले. तरीही भाजपशासित राजस्थान शेखावतांकडेच राहिले. २०१७ मध्ये बिहारने आपल्या कन्या मीराकुमार यांना १०९ आणि माजी राज्यपाल रामनाथ कोविंद यांना १३० मते दिली. २०२२ मध्ये झारखंडच्या राजकारणात मुरलेल्या सिन्हांना तेथे अवघी ९ मते मिळाली. माजी राज्यपाल मुर्मूंना ७०.

मग कर्मभूमीचे ऋण मोठे म्हणायचे काय? तसेही नाही. बिहारमध्ये काँग्रेस आणि राजदसोबत सत्तेत असलेल्या नितीशकुमारांनी कोविंद यांना पाठिंबा दिला आणि निकालानंतर आठवड्याच्या आतच ती आघाडी मोडली. झारखंडचे प्रकरण थोडे वेगळे. तेथे मुख्यमंत्री हेमंत सोरेन आणि मुर्मू हे दोघेही संथाळ समाजाचे. त्या नात्यापुढे काँग्रेसच्याही काही आमदारांनी पक्षादेश बाजूला ठेवला. तेथे राज्याच्या सीमेपेक्षा समाजाचा धागा बळकट ठरला. राजस्थानात तर जन्मभूमी जिंकली असे वाटते, पण जिंकला तो तेथील सत्ताधारी पक्ष. मेघालयाने २०१२ मध्ये हेच उलट बाजूने दाखवले. लोकसभेचे माजी अध्यक्ष आणि त्या राज्याचे माजी मुख्यमंत्री पी. ए. संगमा यांना घरी २३ मते मिळाली, तर प्रणव मुखर्जी यांना ३४. शिलाँगमध्ये तेव्हा सरकार काँग्रेसचे होते.

मराठी मनाला यातला सर्वात बोचरा दाखला १९६९ चा. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारे चिंतामणराव देशमुख जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठबळावर उभे राहिले. १९६७ मध्ये निवडून आलेल्या महाराष्ट्र विधानसभेत २७० पैकी काँग्रेसचे २०३ आमदार होते, जनसंघाचे ४ आणि स्वतंत्रचा एकही नाही. महाराष्ट्रासाठी पद सोडणाऱ्या माणसाला महाराष्ट्रातून फारसे काही मिळणार नाही, हे मतदानाआधीच ठरून गेले होते. पहिल्या पसंतीच्या मतमूल्यात त्यांच्या वाट्याला देशभरातून १,१२,७६९ आले.

याउलट २००७ मध्ये शिवसेनेने रालोआत राहूनही मराठी राष्ट्रपतीचा नारा देत प्रतिभाताईंना साथ दिली. अस्मितेचे हे सर्वात गाजलेले उदाहरण. मात्र २००४ मध्ये निवडून आलेले सेनेचे सर्व ६२ आमदार धरले, तरी प्रत्येकी १७५ प्रमाणे त्यांचे मूल्य १०,८५० भरते. प्रतिभाताईंचे मताधिक्य होते ३,०६,८१०. शिवाय याच सेनेने १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध टी. एन. शेषन यांना आणि २०१२ मध्ये मुखर्जींना पाठिंबा दिला होता. तेथे मराठीपणाचा प्रश्नच नव्हता.

या निवडणुकीत पक्षादेश बंधनकारक नसतो आणि मतदान गुप्त असते. सद्सद्विवेकाला याहून मोकळे रान कोठे मिळणार? तरीही आमदार बहुधा पक्षाच्याच रांगेत उभे राहतात. ‘भूमिपुत्र’ हा शब्द मते मिळवून देत नाही. ज्यांना आघाडीची वेस ओलांडायचीच असते, त्यांना तो सन्माननीय निमित्त पुरवतो.

चंडीगडला स्वतःची विधानसभा नाही. या निवडणुकीत शहराच्या वतीने मत देतो तो एकटा खासदार. येथे वर्षानुवर्षे सेवा बजावणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला आपल्या मुलुखातला माणूस रायसीना टेकडीवर गेल्याचा आनंद जरूर व्हावा. फक्त त्या आनंदाच्या नावावर पक्षांनी मांडलेला हिशेब त्याने एकदा तपासून घ्यावा.