शोधयंत्राद्वारे माहितीशोध

इंटरनेटवरील असंख्य पृष्ठांतून, दिलेल्या शब्दांशी संबंधित पृष्ठे निवडून ती उपयुक्ततेच्या क्रमाने मांडणाऱ्या संगणकीय यंत्रणेस शोधयंत्र म्हणतात. शोधाचे फलित यंत्राच्या क्षमतेवर जितके, तितकेच शोधकाने योजलेल्या शब्दांवर अवलंबून असते. आपला प्रश्न कसा मांडावा यापेक्षा हवा असलेला मजकूर कोणत्या शब्दांत लिहिलेला असेल, याचा विचार करणे हे यशस्वी शोधाचे मुख्य सूत्र होय.

इतिहास : कॅनडातील मॅगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी १९९० मध्ये तयार केलेले ‘आर्ची’ हे या प्रकारचे पहिले साधन मानले जाते. त्यात संगणकांवरील धारिकांची केवळ नावे शोधता येत. पृष्ठातील संपूर्ण मजकूर शोधण्याची सोय ‘वेबक्रॉलर’ने १९९४ मध्ये केली. लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या ‘गूगल’ने, एखाद्या पृष्ठाकडे इतर किती व कोणती पृष्ठे निर्देश करतात, यावरून त्या पृष्ठाचे महत्त्व ठरविण्याची पद्धत रूढ केली.

कार्यपद्धती : शोधयंत्र प्रश्न विचारताक्षणी संपूर्ण इंटरनेट धुंडाळीत नाही. त्याने पृष्ठे आधीच वाचून, ग्रंथाच्या अखेरीस असते तशी शब्दसूची तयार ठेवलेली असते. शोध या सूचीत होतो. सूचीत न आलेले पृष्ठ कितीही उपयुक्त असले, तरी ते सापडत नाही. सर्व शब्दांना सारखे महत्त्वही नसते. थोड्याच लेखांत आढळणारा शब्द लेखाचा विषय अधिक नेमका दर्शवितो, हे तत्त्व ब्रिटिश संशोधिका कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडले. वाक्याचा अर्थ लक्षात घेणारी भाषिक प्रतिमाने अलीकडे वापरात आली असून (गूगलमध्ये २०१९ पासून ‘बर्ट’) पूर्ण वाक्यात विचारलेल्या प्रश्नांनाही बरे यश मिळते. तथापि नेमक्या शब्दाचे महत्त्व त्यामुळे संपलेले नाही.

शब्दांची निवड : ‘पिकावर रोग पडला आहे, काय करावे’ या शब्दांत पिकाचे वा रोगाचे नाव नाही. ‘करपा’ हा शब्द घातल्यास शोध सुधारतो. पण करपा हे नाव अनेक पिकांवरील निरनिराळ्या रोगांना दिले जाते. भातावरील करपा मॅग्नापोर्थे ओरायझी या कवकामुळे होतो, तर बटाट्यावरील उशिरा येणारा करपा फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स या कवकसदृश जीवामुळे. एकावरील औषध दुसऱ्यावर निरुपयोगी ठरू शकते व फवारणीचा खर्च आणि हंगाम दोन्ही वाया जाऊ शकतात. म्हणून पिकाचे नाव, रोगाचे नाव व शक्य असल्यास शास्त्रीय नाव एकत्र द्यावे. ही नावे आधी ठाऊक नसतात. पहिल्या शोधात मिळालेल्या चांगल्या लेखातून ती उचलून दुसरा शोध करावा. माहितीशोध अशा रीतीने टप्प्याटप्प्याने नेमका होत जातो. शब्द वाढविले की अनावश्यक पृष्ठे गळतात, पण काही उपयुक्त पृष्ठेही निसटतात. फारच थोडी पृष्ठे मिळाल्यास एकेक शब्द कमी करून पाहावा.

शोधाची मर्यादा आखणे : शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिल्यास ते शब्द त्याच क्रमाने असलेली पृष्ठे मिळतात. नको असलेल्या शब्दाला लागून आधी वजाचिन्ह लिहिल्यास तो शब्द असलेली पृष्ठे वगळली जातात. रोमी लिपीत ‘साइट’ हा शब्द, त्याला लागून अपूर्णविराम आणि पुढे जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता लिहिल्यास शोध त्या स्थळापुरता मर्यादित होतो. राहुरी, अकोला, परभणी वा दापोली येथील कृषी विद्यापीठाचा मजकूर अशा रीतीने वेगळा काढता येतो. बदलत्या विषयांत कालमर्यादा घालणेही आवश्यक असते.

मराठीतील शोध : मराठीत नामाला प्रत्यय लागताना त्याचे रूप बदलते. पाणी, पाण्याचा, पाण्यातील ही सर्व रूपे शोधयंत्र एकच मानील, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून मूळ रूप व सामान्यरूप दोन्ही वापरून पाहावीत. प्रादेशिक पर्यायही ध्यानात घ्यावेत. विदर्भात भाताच्या पिकाला धान म्हणतात. राज्य शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेल्या लेखननियमांनी अनेक अनुस्वार वगळले. त्यापूर्वीच्या ग्रंथांचा शोध घेताना नांव, कांहीं, पुणें अशी जुनी रूपे उपयोगी पडतात. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या संगणकीय टंकांत टाइप केलेला मजकूर देवनागरी शब्द देऊन सहसा सापडत नाही. जुन्या ग्रंथांची पाने चित्ररूपात साठविलेली असल्यास अक्षरे ओळखण्याच्या प्रक्रियेत झालेल्या चुका शोधात उतरतात. अशा वेळी ग्रंथाचे शीर्षक वा लेखकाचे नाव देऊन शोधणे श्रेयस्कर असते.

निकालांची पारख : यादीतील वरचे स्थान हे सत्यतेचे प्रमाण नव्हे. वरच्या काही जागा पैसे घेऊन दिलेल्या जाहिरातींच्या असतात व त्यांवर तशी खूण असते. बँकांच्या नावे खोटे मदत-क्रमांक प्रसिद्ध करून फसवणूक केली जाते. असा क्रमांक शोधयंत्रातून न घेता खातेपुस्तकावरून वा कार्डावरून घेणे सुरक्षित होय. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश गूगलने २०२४ पासून निकालांच्या आरंभी देण्यास सुरुवात केली. तो सुबोध असला, तरी त्यात चूक असू शकते. म्हणून औषधाची मात्रा, कायद्यातील तरतूद वा अर्जाची मुदत यांसारख्या बाबी मूळ पृष्ठ उघडून, ते कोणी व केव्हा लिहिले हे पाहून, दुसऱ्या स्वतंत्र स्रोताशी ताडून घ्याव्या लागतात.