मुलांचं सुतारकाम : हत्यारं आणि नेहमीच्या अडचणी



कार्यानुभवाच्या तासाला चौथीतल्या एका मुलाची फळी खिळा ठोकताना चिरली. "बाई, मला नाही जमत," म्हणत तो मागे जाऊन बसला. खरं तर चूक माझी होती. जाड खिळा मीच दिला होता.

हत्यार निवडताना : मुलाच्या हाताला पेलेल अशी हलकी हातोडी, बारीक दात्यांची छोटी करवत आणि फळी घट्ट धरायला क्लॅम्प, सुरुवातीला एवढं पुरे. करवतीला धार मात्र हवीच. बोथट करवतीला जोर लावावा लागतो, मग ती सटकते आणि हाताला लागतं. आपण शेजारी उभं राहायचंच.

अडचण आली तर :

१) फळी चिरते : टोकदार खिळा लाकडाचे तंतू बाजूला ढकलतो, म्हणून चीर पडते. खिळा फळीच्या कडेपासून आत घ्या. आधी खिळ्यापेक्षा बारीक भोक पाडा.

२) करवत अडकते : फळी दोन्ही टोकांना टेकवली तर मधे वाकते, काप मिटतो. कापायचा भाग टेबलाबाहेर ठेवा. पात्याला मेणबत्ती घासा.

त्या मुलाने पुढच्या तासाला आधी भोक पाडलं. खिळा सरळ बसला. मूल "जमत नाही" म्हणालं, की आधी त्याच्या हातातलं हत्यार बघा.