‘पानी’ म्हणणारे लेकरू अडाणी नाही!

लेकरू वर्गात ‘पानी’ म्हणते. वर्ग हसतो. गुरुजी दरडावतात, ‘नीट बोल, पाणी म्हण!’ परभणी जिल्ह्यातल्या वस्त्यांना हा प्रसंग नवा नाही. त्या दिवसापासून लेकरू तोंड उघडत नाही आणि पुढे त्यालाच ‘तुला इंग्रजी काय जमणार?’ असे ऐकवले जाते.

आम्ही विचारतो, ज्या इंग्रजीपुढे सारे माना तुकवतात, त्या इंग्रजीत तरी ‘ण’ कुठे आहे? इंग्रजांना कोणी अशुद्ध म्हणत नाही! आमचे लेकरू ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’ असे एकाच नियमाने बोलते. तो गबाळेपणा नव्हे, ते बोलीचे व्याकरण आहे. हसणारे उच्चाराला नव्हे, जातीला हसतात.

भाषेचे शास्त्र शिकवण्याच्या कामी कसे आणावे, हे सांगणारी विद्या म्हणजे उपयोजित भाषाविज्ञान. एडिंबरा विद्यापीठाचे पिट कॉर्डर यांनी १९६७ साली मांडले की, शिकणाऱ्याची चूक हा त्याच्या मनात घडत असलेल्या नियमांचा पुरावा असतो. मुलगी ‘आय बुक रीड’ म्हणते, कारण मराठीत क्रियापद शेवटी येते. दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी मांडली, तर फरक तिचा तिलाच दिसतो. छडीने तो दिसत नाही.

तांड्यावरच्या लेकराची अडचण दुहेरी. घरी आईला ‘याडी’ म्हणणाऱ्या त्या लेकराला शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणली. पण घरच्या बोलीपासून तिथवर जाणारा पूल कोणी बांधला?

प्रमाण मराठी शिकवू नका, असे आम्ही म्हणत नाही. ती शिकवाच, पण आईची बोली हिरावून नव्हे. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत स्वतः शिकले, पालीचा कोश रचायला बसले. उणीव बुद्धीत नव्हती, दार बंद करणाऱ्यांत होती.

हा प्रश्न केवळ परीक्षेतल्या गुणांचा नाही. याच परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि त्यानंतरच्या अटकसत्रात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत गेला. अशा वेळी न्याय मागायला उच्च न्यायालयात जावे लागते आणि तिथला कारभार इंग्रजीत चालतो. आपली फिर्याद आपल्याला वाचता येऊ नये, ही कसली समता?

म्हणून शिक्षक-प्रशिक्षणात मुलांच्या बोलींचा अभ्यास सक्तीचा करा, ही आमची मागणी आहे. आणि विहारांतल्या अभ्यासवर्गांनी आजच एक नियम करावा : इथे चुकणाऱ्याला कोणी हसणार नाही. शिकण्याची सुरुवात तिथूनच होते.

जयभीम!