गल्लीतले पाणी आणि संगणकातले पाणी

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरी दोन कामे ठरलेली असतात. तांदळाचे डबे माळ्यावर जातात आणि भरतीच्या वेळांचा कागद स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटतो. साडेचार मीटरहून मोठी भरती असेल त्या तारखेभोवती दादी लाल पेन्सिलीने गोल काढतात. आम्ही कुर्ल्याचे, मिठी नदीपासून हाकेच्या अंतरावर, तेही तळमजल्यावर. 26 जुलै 2005 नंतर आमच्याकडे पावसाची वाट कोणी हौसेने पाहत नाही.

त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यात मात्र 75 मिलिमीटरही नाही. शहर एक, दिवस एक, आणि एवढा फरक. आता अनेक अग्निशमन केंद्रांवर पाऊस मोजणारी स्वयंचलित यंत्रे बसली आहेत आणि दर 15 मिनिटांची नोंद मिळते. याच नोंदींवर आमचा धाकटा चुलतभाऊ गेल्या वर्षी रात्र रात्र बसला होता. तो सिव्हिल इंजिनिअरिंग शिकतो. प्रकल्पासाठी त्याने आमच्याच गल्लीचे पुराचे मॉडेल करायला घेतले.

हे मॉडेल म्हणजे शहराची हिशेबाची वही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 1971 साली असा एक प्रोग्रॅम तयार केला, तो आजही मोफत मिळतो. त्यात वस्तीचे लहान लहान तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याचा उतार किती, सिमेंट किती, उघडी माती किती, ते भरायचे. मग गटारांचे जाळे मांडायचे: पाइपची रुंदी, उतार, चेंबरची खोली, आणि शेवटी पाणी जिथे सुटते तिथली भरतीची पातळी. वरून पाऊस सोडला की संगणक मिनिटामिनिटाचा जमाखर्च मांडतो. चेंबरमधली पातळी रस्त्याच्या वर गेली की पाणी गल्लीत आले असे समजायचे.

मुंबईच्या जुन्या पावसाळी गटारांचा हिशेब ओहोटीच्या वेळी तासाला 25 मिलिमीटर पावसाचा होता, आणि त्यातलेही निम्मे जमीन पिऊन टाकेल असे धरले होते. 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने तो तासाला 50 मिलिमीटर धरायला सांगितला, तोही सगळाच्या सगळा वाहून येणारा. म्हणजे गटारात येणारे पाणी चौपट! शिवाय शहरात पाणी सोडणारी 186 मुखे, त्यातली 45 समुद्राच्या सरासरी पातळीखाली आणि 135 मोठ्या भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वेळी मोकळी राहतात ती फक्त सहा. दादी लाल गोल का काढतात, हे आम्हाला तेव्हा आकड्यांत कळले.

पहिल्या खेपेला भावाने 29 ऑगस्ट 2017 चा पाऊस मॉडेलमध्ये सोडला. उत्तर आले, गल्लीत घोटाभर पाणी, घर कोरडे. आम्ही सगळे हसलो. दादींनी त्याला हाताला धरून दाराच्या चौकटीकडे नेले. तिथे दर पुराची खूण आहे, शेजारी साल. रंगारी आला तरी तेवढी पट्टी सोडायची, असा त्यांचा हुकूम. 2017 ची खूण उंबऱ्यापासून दोन वीत वर.

"पाणी किती वाजता शिरले, दादी?"

"घड्याळ कोण बघत होतं बेटा? जोहर झाली होती, असर व्हायची होती. मगरिबच्या अजानेपर्यंत चढतच होतं."

त्या दिवसाच्या नमाजच्या वेळा काढून त्याने वेळ बसवली. मॉडेल कुठे चुकले ते शोधायला मग बांबू घेऊन चेंबरवर गेला. नकाशात पाइप मोकळा होता. प्रत्यक्षात निम्मा गाळाने भरलेला. निम्मा गाळ म्हणजे निम्मे पाणी वाहील असे आम्हाला वाटले होते. पण उरलेल्या जागेत घर्षण वाढते, त्यामुळे पाइप जेमतेम एक तृतीयांशच वाहतो. त्यात मिठीकडचे तोंडही त्याने भरतीशिवाय धरले होते. दोन्ही दुरुस्त केल्यावर मॉडेलचे पाणी दादींच्या खुणेपासून चार बोटांवर आले.

इथपर्यंत सगळे खूश होते. पण त्याच महिन्यात गल्ली आणि आमच्या ओळीतले ओटे फूटभर उंच करून काँक्रीट टाकायचे घाटत होते. कागदावर आमच्या घरातल्या पाच सह्याही झाल्या होत्या. भावाने सहज म्हणून तोच बदल मॉडेलमध्ये करून पाहिला. आमच्या घरातले पाणी जवळपास नाहीसे झाले, आणि मागच्या ओळीतल्या अकरा घरांत वीतभर वाढले. त्या ओळीत आमची फुफी राहते, आणि दोन घरे सोडून अंथरुणाला खिळलेले एक म्हातारे गृहस्थ.

आम्ही सह्या मागे घेतल्या. त्यावरून गल्लीत बोलणी ऐकावी लागली. "संगणकातल्या चित्रासाठी आम्ही घरात पाणी घ्यायचं का?" असे एका शेजाऱ्याने विचारले. रागावण्यासारखे त्यात काही नव्हते. त्याच्या घरातही 2005 ला गळ्याइतके पाणी होते. भावाचे मॉडेल एका गल्लीचे, विद्यार्थ्याने केलेले, हे आम्हीही जाणतो. संपूर्ण मुंबईसाठी जून 2020 पासून आयफ्लोज नावाची पूर-इशारा यंत्रणा आहे. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने महापालिकेच्या साथीने ती उभारली. पाऊस, भरती, नद्यांची पातळी आणि जमिनीची उंची एकत्र करून कुठे किती पाणी साचेल याचा अंदाज ती आधीच देते. पण आमच्या चेंबरमध्ये आज गाळ किती, हे बांबू घातल्याशिवाय कळत नाही.

काँक्रीटचे काम सध्या थांबले आहे. त्याऐवजी गाळाची मापे आणि मॉडेलची दोन्ही चित्रे जोडून गटार साफ करण्याचा अर्ज दिला, या वेळी मागच्या ओळीच्या सह्यांसकट. मे महिन्यात एकदा गाडी येऊन गाळ काढून गेली. गेल्या रविवारी भावाने पुन्हा बांबू घातला. गाळ चार इंच. दादींनी तो आकडा भरतीच्या कागदावरच लिहून ठेवला आणि फुफीकडे फोन लावायला सांगितला, तिचे तांदूळ वर गेले का ते विचारायला.