घरची शाळा, आईची शाळा



दिवाळी झाली की आपल्या भूम, वाशी, कळंब भागात कितीतरी घरांना कुलूप लागतं. आईबाप ऊसतोडीला जातात, बरोबर लेकरंही जातात. फडावर पाटी-पुस्तक सुटतं, आणि परत आल्यावर मागं पडलेलं लेकरू वर्गात बसायला लाजतं. म्हणून आज बोलू घरच्या शिकवणीविषयी.

ही काही नवी गोष्ट नाही. मुलींना शाळेची दारं बंद होती, तेव्हा ज्या थोड्या बायका शिकल्या, त्या बहुतेक घरीच. सावित्रीबाईंना जोतिरावांनी घरी शिकवलं. रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन आल्या आणि सासरी शिकल्या.

पंडिता रमाबाईंची गोष्ट तर आपल्या फार जवळची. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून आधी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. पुढं हे कुटुंब तीर्थयात्रा करत गावोगाव हिंडलं. एका जागी मुक्काम नाही, मग शाळा कुठली? पण लक्ष्मीबाई कामाला लागायच्या आधी, पहाटेच लेकीचा पाठ घेत. त्याच लेकीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं.

गटाच्या बैठकीत आम्ही नेहमी ऐकतो, “ताई, आम्हालाच वाचता येत नाही, लेकराला काय शिकवू?” बायांनो, भाकरीचे चार तुकडे करून त्यातला एक हातात दिला की ‘पाव’ कळतो. शेंगा दहा-दहाच्या ढिगात मोजल्या की दशक कळतं. बाजाराचा हिशेब लेकराकडून करून घ्या. कोडी घाला. धडा मोठ्यानं वाचायला लावा आणि विचारा, “पुढं काय झालं?” अडलं तर गटातल्या शिकलेल्या बाईला किंवा गुरुजींना विचारा.

घरी लेकरू आपल्या बोलीत, आपल्या गतीनं शिकतं. चुकलं तर हसणारं कुणी नसतं, म्हणून भीती जाते. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ उपक्रमात गावोगाव माता गट झाले, ते याच विश्वासावर.

पण घरची शिकवणी म्हणजे शाळेला सुट्टी नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक लेकराला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा सुटलेल्या लेकरालाही वयानुसार वर्गात प्रवेश मिळालाच पाहिजे. गावी आलात की लगेच शाळेत जा. जाण्याआधी हंगामी वसतिगृहाची चौकशी करा, आणि लेकरू सोबत नेणार असाल तर सामानात पुस्तकं आधी बांधा.

येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एकच विषय घ्या: आपल्या गटातली कुणाची लेकरं फडावर जाणार आहेत, आणि त्यांचा अभ्यास कोण घेणार?