साहाय्यक श्वान आणि सार्वजनिक प्रवेशाचा हक्क : अमेरिकन कायद्याची भूमिका

कुत्र्याला उपाहारगृहात प्रवेश असावा की नसावा, हा प्रश्न अभ्यासकास प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु तो कुत्रा अपंग व्यक्तीचा साहाय्यक असेल, तर त्यास दारातून परत धाडणे म्हणजे त्या व्यक्तीसच परत धाडणे होय. प्रवेशाचा हक्क कुत्र्याचा नसून माणसाचा आहे. या हक्काला अमेरिकन कायद्याने कोणती अट घातली आणि कोणती घातली नाही, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

या प्रथेचा आधुनिक प्रारंभ जर्मनीत झाला. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली मार्गदर्शक कुत्र्यांची शाळा निघाली. जर्मनीतील हे कार्य डॉरथी युस्टिस यांनी १९२७ साली एका लेखाद्वारे अमेरिकन वाचकांपुढे मांडले. तो लेख मॉरिस फ्रँक या अंध तरुणाच्या कानी पडला. तो स्वित्झर्लंडला गेला आणि १९२८ साली ‘बडी’ नावाची कुत्री घेऊन परतला. पुढच्याच वर्षी ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. या शिक्षणातील सर्वांत कठीण भाग आज्ञापालनाचा नव्हे, तर अवज्ञेचा आहे. धनी ‘पुढे चल’ म्हणत असता समोरून मोटार येत असेल, तर कुत्र्याने जागचे हलता कामा नये. आज्ञा केव्हा मोडावी हे ज्यास कळते, तोच कुत्रा या कामास योग्य ठरतो.

अशा शिक्षणाची परीक्षा घेऊन सरकारने प्रमाणपत्र द्यावे, असे कोणासही सहज सुचेल. ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ या १९९० च्या कायद्याने नेमके हेच केले नाही. त्याखालील सुधारित नियम २०११ साली अमलात आले. त्यांनुसार अपंग व्यक्तीसाठी विशिष्ट काम करण्यास स्वतंत्रपणे शिकविलेला कुत्रा, एवढीच साहाय्यक प्राण्याची व्याख्या आहे. (लहान चणीच्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद आहे, हे जाता जाता नमूद करावयास हवे.) शिक्षण आवश्यक आहे, पण ते संस्थेनेच दिले पाहिजे असे नाही, धनी स्वतःही देऊ शकतो. कुत्र्याचा उपयोग उघड दिसत नसेल, तर दुकानदाराने दोनच प्रश्न विचारावयाचे : हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे काय, आणि त्यास कोणते काम शिकविले आहे? अपंगत्वाचे स्वरूप विचारता येत नाही, कागद मागता येत नाही, प्रात्यक्षिकही करावयास लावता येत नाही.

ही ढिलाई अनवधानाने राहिलेली नाही, असे आमचे मत आहे. प्रमाणपत्राची सक्ती केली, तर पाव विकत घेण्यासाठीही अपंग व्यक्तीस खिशात परवाना बाळगावा लागेल. इतरांस तो लागत नाही. शिवाय नामांकित शाळेतील कुत्रा मिळण्यास पुष्कळ काळ वाट पाहावी लागते. म्हणून कायद्याने कसोटी कचेरीत न ठेवता वर्तनावर ठेवली. कुत्रा अनावर झाला आणि धन्याने त्यास आवरले नाही, अथवा त्याने आत घाण केली, तर त्यास बाहेर काढता येते; मात्र धन्याला कुत्र्याविना सेवा घेण्याची संधी द्यावीच लागते. इतरांस वाटणारी भीती किंवा ॲलर्जी हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

या व्यवस्थेची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. पैसे भरून मिळणारी ‘नोंदणी’पत्रे सर्रास विकली जातात; ती कोणताही हक्क देत नाहीत, असे न्याय खात्याने स्पष्ट केले आहे. न शिकविलेला कुत्रा दुकानात शिरून मार्गदर्शक कुत्र्यावर धावला, तर इजा अंध माणसाच्या सुरक्षिततेस होते. आणि पुढच्या खेपेस दुकानदाराचा संशयही त्याच्याच वाट्यास येतो. केवळ सोबतीने धीर देणारा कुत्रा या व्याख्येत बसत नाही. येऊ घातलेला भयाचा झटका ओळखून तो टाळण्यासाठी ठराविक कृती करणारा कुत्रा बसतो. भेद सूक्ष्म आहे, आणि दारात उभ्या असलेल्या नोकराने तो दोन प्रश्नांत ओळखावा अशी अपेक्षा आहे.

विमानप्रवासाचा कायदा निराळा आहे. तेथे केवळ भावनिक आधार देणाऱ्या प्राण्यांनाही पूर्वी प्रवेश होता. वाहतूक खात्याने डिसेंबर २०२० मध्ये नियम बदलून तो काढून घेतला. शिवाय कुत्र्याचे आरोग्य, वर्तन व शिक्षण यांविषयी प्रवाशाकडून लेखी निवेदन घेण्याची मुभा विमान कंपन्यांना दिली. हे निवेदन प्रवासी स्वतःच करतो. तेथेही परीक्षक कोणी नाही.

शिक्षणाची मानके आहेत ती संस्थांनी स्वेच्छेने घालून घेतलेली. ‘इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ असिस्टन्स डॉग पार्टनर्स’ या संघटनेच्या किमान मानकाप्रमाणे सहा महिन्यांत निदान १२० तासांचे शिक्षण हवे, आणि त्यांपैकी निदान ३० तास सार्वजनिक ठिकाणी गेले पाहिजेत. येथे एक चमत्कारिक पेच उद्भवतो. १९९० चा कायदा शिक्षण पूर्ण झालेल्या कुत्र्यासच प्रवेश देतो. शिकत असलेल्यास तो लागू नाही. ते ३० तास कोठे घालवावयाचे, हे ज्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहते.