भोंगऱ्याला चाललात?

महाबळेश्वर झालं, लोणावळा तर तोंडपाठ झालं. होळीच्या आधी दोन दिवसांची रजा जमतेय का? मग सरळ मुंबई-आग्रा हायवे पकडा. धुळं मागे टाकून तापी ओलांडली की शिरपूर. इथवर काळी सपाट जमीन, कापूस आणि केळीच्या बागा. उत्तरेला जी निळसर भिंत आडवी पडलेली दिसते, तो सातपुडा. तापी आणि नर्मदा या पश्चिमेला वाहणाऱ्या दोन नद्यांच्या मधला डोंगर. पलीकडे मध्य प्रदेश सुरू होतो, पण तो नकाशावर. नातीगोती दोन्हीकडे.

पायथ्याशी बोराडी, सांगवी, पळासनेर. त्यांच्या वर पाडे. गाव म्हटलं की आपल्याला पार, चावडी, गल्ल्या आठवतात. इथे तसं नाही. पावरा माणूस घर बांधतो ते आपल्या शेतात, त्यामुळे एकच पाडा दोन-तीन टेकड्यांवर पसरलेला. लांबून बघायला मस्त! पण याच पसाऱ्यामुळे रस्ता आणि नळ प्रत्येक दारात पोचणं कठीण होऊन बसतं.

होळीच्या आधीच्या आठवड्यात पायथ्याचे आठवडे बाजार फुलतात, तोच भोंगऱ्या. मध्य प्रदेशात भगोरिया म्हणतात. ट्रॅव्हलच्या पानांवर (होय, आमच्यासारख्यांच्याच) याची एकच स्टोरी वर्षानुवर्षं फिरतेय: मुलगा गुलाल लावतो, मुलगी लाजते, दोघं पळून जातात. आदिवासींचा व्हॅलेंटाइन डे! वाचायला एकदम सॉलिड. आदिवासी संघटनांनी मात्र याला अनेकदा हरकत घेतली आहे. त्यांचं म्हणणं सरळ आहे, हा होळीच्या खरेदीचा बाजार.

आणि ते पटतंच. पावसाळा सरला की इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातकडे जातात. होळीला घरी यायचंच. हातात कमाई असते, महिनोन्‌महिने न भेटलेले मामा-मावशी बाजारात भेटतात, गूळ, फुटाणे, खजूर, साखरेचे हार, नवे कपडे घेतले जातात. आपली दिवाळी शॉपिंगच, फक्त सोबत भलामोठा ढोल. अशा गर्दीत मैत्रिणींबरोबर बांगड्या घेणाऱ्या मुलीचा क्लोजअप कुणी भलत्याच कॅप्शनखाली छापला तर? मॉलमध्ये तुमच्या बहिणीचा असा फोटो काढला तर तुम्ही त्या माणसाची कॉलर धराल.

तेव्हा फोटोआधी विचारा. नाही म्हटलं तर कॅमेरा बॅगेत.

मुक्काम शिरपुरातच करा. एक दिवस हाताशी असेल तर अनेर धरणाकडे वळा, तिथे १९८६ पासून अभयारण्य आहे. तोरणमाळ आता नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्यावरून जावं लागतं, त्याला वेगळा वीकेंड द्या. बाजार दुपारी रंगात येतो. सुटे पैसे जवळ ठेवा आणि बांगड्या, फुटाणे काहीतरी विकत घ्या.